रेशो बदलला म्हणून ३१,००० घेतले, आत जुनीच जोडी

राजापूरजवळ आमची हापूसची बाग. पेट्या कोल्हापूरला न्यायच्या त्या अणुस्कुरा घाटाने. जीप जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, रेशो ३.७३, म्हणजे चाकं एक फेरा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट ३.७३ फेरे फिरतो. भरलेली गाडी वळणावर पहिल्या गिअरलाही धापा टाकायची, क्लच जळल्याचा वास सुटायचा. रेशो जास्त असला की चाकांना ओढ जास्त मिळते. म्हणून डिफरन्शियलमध्ये (मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्यात) ४.८८ ची क्राऊन-पिनियन, म्हणजे मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकाची जोडी, टाकायचं ठरवलं. म्हणजे क्राऊनला ३९ दाते, पिनियनला ८. सपाटीला इंजिन जास्त ओरडणार, डिझेलही जास्त जाणार, हे मला मान्य होतं.

हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने जोडी, बेअरिंग, सील आणि मजुरी धरून ३१,००० सांगितले. तीन दिवसांनी गाडी मिळाली. डिफरन्शियलच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या डब्याला, ताजा काळा रंग, आत नवं ९० नंबरचं ऑइल. जुनी जोडी मागितली तर म्हणाला, "ती भंगारात गेली, मालक." मी पैसे मोजले.

घाटात फरक शून्य. फोन केला तर म्हणे, "नवा माल आहे, रुळू दे. हजार किलोमीटर झाले की बघा." या एका वाक्यावर माझा निम्मा हंगाम गेला. रेशो दात्यांच्या संख्येवर ठरतो, गाडी कितीही चालली तरी तो बदलत नाही. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही, याचा अजून त्रास होतो.

उलगडा भाच्यामुळे झाला. "मामा, काटा पुढे पळतो का?" त्याने विचारलं. आमच्या जीपला स्पीडोमीटरची केबल डिफरन्शियलच्या आधी, गिअरबॉक्सच्या बाजूला लागते. रेशो खरंच बदलला असता तर दर १० किलोमीटरला मीटर १३ दाखवणार. हायवेचे दगड मोजत गेलो. दहा दगडांना मीटर बरोबर दहाच पुढे सरकला.

घरी गाडीची मागची बाजू उचलून लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवली, दोन्ही चाकं अधांतरी, पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलला. गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण केली. दोघांनी दोन्ही चाकं एकदम एक फेरा फिरवली. शाफ्ट पावणेचारच्या आतच थांबला, पाच फेऱ्यांच्या जवळपासही नाही. (एकच चाक उचललं असेल तर ते दोन फेरे फिरवायचं, नाहीतर आकडा निम्मा येतो.) मग रत्नागिरीच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे मागचं कव्हर उघडलं. ४१ आणि ११ दाते, म्हणजे तोच ३.७३. आमचीच जुनी जोडी, दाते झिजून गुळगुळीत झालेले.

गॅरेजवाला म्हणाला, "आमची जोडी तुम्हीच काढून विकली असेल." माझ्याकडे साध्या कागदावरचं बिल, त्यावर नुसतं "डिफरन्शियल काम". दात्यांचा आकडा नाही, जोडीचा नंबर नाही.

तुम्ही हे काम करणार असाल तर बसवण्याआधी समोर दाते मोजून घ्या. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच येतात, दोन्हींवर जुळणीचा एकच नंबर कोरलेला असतो, तो बिलावर लिहून घ्या. जुनी जोडी हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा रेशोही तोच लागतो, हे न सांगणाऱ्याकडे गाडी सोडूच नका.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. दुसऱ्या मिस्त्रीने उघड्या हाउसिंगचे फोटो आणि सहीचा कागद दिलाय. उरलेल्या पेट्या भाड्याच्या टेम्पोने गेल्या.