‘जॉब लॉस कव्हर’: प्रोबेशनवर असाल तर घेऊ नका

कंपनीत नोकरकपातीची कुजबूज सुरू झाली, की नव्याने रुजू झालेल्याच्या डोक्यात पहिला विचार कर्जाच्या हप्त्याचा येतो. नेमकं तेव्हाच कर्ज देणारी संस्था किंवा एखादं ॲप ‘नोकरी गेली तर हप्ते आम्ही भरू’ असं म्हणत ‘जॉब लॉस कव्हर’ हा विमा पुढे करतं. इथलं परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या पॉलिसीचं नाही. या प्रकारच्या पॉलिसींमध्ये सर्रास सापडणाऱ्या अटींचं आहे. गुण आधीच सांगून टाकतो: नोकरीत कायम झालेल्या, मोठं कर्ज आणि तुटपुंजी शिल्लक असलेल्या माणसासाठी पाचपैकी अडीच. प्रोबेशनवरच्या माणसासाठी शून्य.

शून्य का, ते पॉलिसीतल्या ‘पात्रता’ आणि ‘अपवाद’ या दोन कलमांत असतं. माहितीपत्रकात ते बहुधा नसतं. प्रोबेशनवरचे, कंत्राटी, हंगामी आणि स्वतःचा व्यवसाय करणारे यांना बहुतेक पॉलिसी वगळतात. काहींना त्याच मालकाकडची सलग ६ किंवा १२ महिन्यांची नोकरी लागते. विकणारा मात्र हे विचारत नाही. फॉर्मवर ‘पगारदार’ एवढी खूण झाली की प्रीमियम कापला जातो आणि पात्रतेची तपासणी होते ती थेट क्लेमच्या वेळी.

पात्र ठरलात तरी वेळेची गणितं तीन आहेत. पहिलं, पॉलिसी घेतल्यापासूनचा प्रतीक्षा कालावधी. दुसरं, नोकरी गेल्यानंतरचा विनाभरपाई काळ. तिसरं, जास्तीत जास्त किती हप्ते मिळणार याची मर्यादा. समजा हे आकडे ९० दिवस, ३० दिवस आणि ३ हप्ते असे आहेत. १ जुलैला कायम झालात आणि त्याच दिवशी पॉलिसी घेतलीत, तर ९० दिवस २८ सप्टेंबरला संपतात. १ सप्टेंबरला कपातीचं पत्र हातात पडलं तर काहीच मिळणार नाही. पॉलिसी आधीपासून असेल, तर १ सप्टेंबरच्या पत्रावर दोन महिन्यांचा नोटीस पगार ३१ ऑक्टोबरपर्यंत चालतो आणि अनेक पॉलिसी हा काळ बेरोजगारीत धरतच नाहीत. नोव्हेंबर विनाभरपाई जातो. पहिला हप्ता डिसेंबरचा. १० जानेवारीला नवी नोकरी लागली की भरपाई तिथेच थांबते. म्हणजे सव्वादोन महिने पगार नव्हता आणि हाती आला एक हप्ता.

खरी मेख मात्र नोकरी कशी गेली यात आहे. विमा कंपनी पैसे देते ते मालकाने पद रद्द केलं, विभाग बंद केला किंवा मनुष्यबळ कमी केलं तर. स्वतःहून दिलेला राजीनामा, ऐच्छिक निवृत्ती, शिस्तभंग आणि असमाधानकारक काम ही कारणं अपवादांत बसतात. आणि कपातीत नेमका घोळ इथेच होतो. ‘तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं मिळेल’ असं एचआरकडून सुचवलं जातं. पुढच्या मुलाखतींसाठी ते बरंही वाटतं, पण त्या एका मेलने क्लेम बाद होतो. नव्या माणसाच्या बाबतीत दुसरी तऱ्हा असते. काम समाधानकारक नाही असं दाखवून त्याला कमी केलं जातं, कारण कंपनीला ते कागदोपत्री सोपं पडतं. म्हणून सही करण्याआधी पत्रातलं कारण वाचा आणि ‘पद रद्द झाल्यामुळे’ असा स्पष्ट उल्लेख लेखी मागा. ‘परस्परसंमतीने’ हा शब्द दिसला तर आधी विमा कंपनीला लेखी विचारा.

क्लेमसाठी नेमणूकपत्र, कायम केल्याचं पत्र, सेवा संपल्याचं पत्र, शेवटच्या काही महिन्यांच्या सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट आणि पुढे दर महिन्याला अजून बेरोजगार असल्याचं स्वयंघोषणापत्र लागतं. ऑफिसचा मेल बंद होतो तेव्हा स्लिपाही त्याच्यासोबत जातात. त्या आजच स्वतःच्या खात्यावर पाठवून ठेवा. कव्हर घेणार नसलात तरी.

अफवा ऐकून घाईने घेतलेल्या पॉलिसीचं काय होतं? कपातीची घोषणा आधीच झाली असेल, किंवा ती होणार हे तुम्हाला ठाऊक होतं असं दिसलं, तर क्लेम नाकारायला कलम तयार असतं. सगळ्यांना गेलेला कंपनीचा मेल त्यासाठी पुरेसा पुरावा ठरतो.

आता किंमत. वर्षाचा प्रीमियम पाव हप्त्याएवढा आणि कमाल भरपाई ३ हप्ते असेल, तर पूर्ण भरपाईचा क्लेम मंजूर होण्याची शक्यता वर्षाला बारात एक असेल तेव्हा कुठे भरलेल्या प्रीमियमची आणि भरपाईची बरोबरी होते. सगळा प्रीमियम एकरकमी कर्जातच मिळवला तर तो आणखी महागतो: वर्षाला १२ टक्के दराच्या ५ वर्षांच्या कर्जात १०० चा प्रीमियम फेडता फेडता सुमारे १३३ होतो. ब्रिटनमध्ये कर्जासोबत असे विमे चुकीच्या पद्धतीने विकल्याबद्दल बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त भरपाई द्यावी लागली. तक्रारींची शेवटची मुदत होती २९ ऑगस्ट २०१९. त्यातल्या कितीतरी ग्राहकांना आपण असा विमा घेतलाय याचाच पत्ता नव्हता, तेव्हा स्वतःच्या कर्जाचं विवरणपत्रही एकदा उघडून पाहा.

प्रोबेशनवरच्याने प्रीमियमचे पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत आणि तीन हप्त्यांएवढी रक्कम साठेपर्यंत मुदतपूर्व परतफेड थांबवावी, कारण कर्जात भरलेले पैसे गरजेला परत मिळतीलच असं नाही. कंपनीच्या समूह आरोग्य विम्यावरच भिस्त असेल तर स्वतःची आरोग्य पॉलिसी आधी घ्यावी. नोकरीसोबत तो विमाही जातो. आणि नोकरी गेलीच, तर पहिला हप्ता चुकण्यापूर्वी कर्जदात्याकडे मुदतवाढ मागावी. थकबाकीदार झाल्यावर तेच बोलणं जड जातं.

कव्हर घेऊन बसला असाल तर पॉलिसीवरची ‘फ्री लुक’ मुदत बघा. ती संपायच्या आत लेखी रद्द केलंत तर किरकोळ कपात वगळून प्रीमियम परत मिळतो. अर्ज विमा कंपनीकडे करा, प्रत कर्जदात्याला द्या आणि पोच घ्या. प्रीमियम कर्जात मिळवलेला असेल तर परतावा मुद्दलातून वजा झाला का, हे पुढच्या विवरणपत्रात तपासा. मुदत उलटून गेली असेल आणि कर्ज लवकर फेडलंत, तर उरलेल्या काळाचा प्रीमियम वेगळा अर्ज करून मागावा लागतो. बहुधा तो आपोआप येत नाही.