सान पेद्रोची काजूबी: कागद खरे, माल खोटा

आयव्हरी कोस्टच्या सान पेद्रो बंदरातून कोको जातो, निकेलचं खनिज जातं, तशीच काजूबीही. काजूबी जमिनीच्या वाटेनं देशाबाहेर न्यायला तिथं बंदी आहे. ती अबिजान किंवा सान पेद्रोहूनच निघते. "शेजारच्या देशातून स्वस्तात काढून देतो" म्हणणाऱ्याशी पुढं बोलूच नये. पण वेंगुर्ला-चंदगडकडच्या कारखानदाराला बुडवतो तो सहसा असा नसतो. त्याचा कंटेनर खरा, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची पावती) खरं, तपासणीचा दाखलाही खरा.

खोट सॅम्पलमध्ये. गोदामात दाराजवळची थप्पी नव्या हंगामातली. तपासनीस तिथल्याच पोत्यांची तोंडं उघडून मूठमूठ बी काढतो, उतारा (८० किलो बीमागं निघणारा गर) येतो ४७ पौंड. तो गेला की मागच्या थप्पीतली गेल्या वर्षीची बी कंटेनरमध्ये जाते; दाराशी तेवढ्या दोन रांगा चांगल्या.

उताऱ्याचा हिशोब असा. १ किलो बी फोडायची, चांगल्या गराचं पूर्ण आणि डागी गराचं निम्मं वजन धरायचं. त्या ग्रॅमांना ८० नं गुणून ४५३.६ नं भागायचं. २६६ ग्रॅम भरला तर ४७. कारखान्यात २३८ च भरला तर ४२. ८० किलोच्या पोत्यामागं ५ पौंड गेले, म्हणजे ३२० पोत्यांत सव्वासातशे किलो गर! ओलावा १० टक्क्यांवर असला तर वाटेत बुरशी धरते ती वेगळीच, आणि ओली बी वजनाला जास्त भरते, म्हणजे पाण्याचेही पैसे आपणच मोजतो.

एलसी (कागद बरोबर असले की विकणाऱ्याला पैसे देण्याची बँकेची हमी) आहे म्हणून निर्धास्त राहणारे इथंच अडकतात. बँक कागद बघते, माल नाही. "दर्जा लोडिंगच्या वेळचा अंतिम" एवढं एक वाक्य करारात असलं की न्हावा शेवाला कंटेनर उघडून ओरडण्यात अर्थ नसतो. दर्जा माल उतरल्यावरचा धरायला लावा. ठरल्या उताऱ्याखाली दर पौंडाला किती कपात आणि कितीला माल नाकारायचा, हे आकड्यांत लिहून घ्या. सर्व्हेयर, म्हणजे माल तपासणारा, आपला हवा. गोदामातल्या थप्पीपाशी नाही, कंटेनरच्या तोंडाशी उभा राहून त्यानं दर दहावं पोतं जमिनीवर ओतावं. सीलही त्याच्यासमोर लागावं, नंबर दाखल्यावर यावा. त्याच्या सहीचा दाखला एलसीतच मागा. मग "ट्रक रात्रीच भरून गेला, सर्व्हेयरला उशीर झाला" असा निरोप आला, तरी दाखल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही.