आर्काइव्ह: एक्स्ट्रा डायमेन्शनवाल्यांसाठी फुकटातलं दुकान, पण एक्सपायरी स्वतः बघून घ्या

कॉर्नेल युनिव्हर्सिटीत वाढलेलं आर्काइव्ह (arXiv), म्हणजे फिजिक्सचे पेपर फुकट मिळतात ते (जुने सिनेमे मिळतात ते वेगळं). मी ते एकाच कामासाठी वापरतो, एक्स्ट्रा डायमेन्शनच्या (नेहमीच्या तीनपेक्षा जादा मिती मानणाऱ्या) थिअरीत इन्फ्लेशन (विश्व सुरुवातीला क्षणात प्रचंड फुगलं ही कल्पना) बसतं की नाही हे बघायला, त्यामुळे बाकी विषयांचं मला विचारू नका.

पैसे नाहीत, वाचायला लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. पॉल गिन्सपार्गनी 1991 मध्ये लॉस अलामॉसमधून सुरू केलं, 2001 मध्ये ते कॉर्नेलकडे आलं. नवा माल आपल्याकडे सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेपाचला येतो, अमेरिकेत हिवाळ्याची वेळ लागली की साडेसहाला, म्हणजे चहा उकळेपर्यंत एचईपी-टीएचची (hep-th, म्हणजे हाय एनर्जी फिजिक्सची थिअरी) लिस्ट वरवर चाळून होते.

पण खरी मजा जुन्या मालात आहे. 2003 चा सहा जणांचा पेपर घ्या, काचरू, कॅलोश, लिंडे, माल्डासेना, मॅकअ‍ॅलिस्टर आणि त्रिवेदी, यातले संदीप त्रिवेदी आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचे. आयडिया अशी की लपलेल्या सहा मितींमध्ये एक ब्रेन (स्ट्रिंग थिअरीतला पडद्यासारखा पदार्थ) आणि एक अँटिब्रेन (त्याचा उलट चार्जचा जोडीदार) एकमेकांकडे सरकतायत आणि त्यांच्यातलं अंतर हाच इन्फ्लेटॉन, म्हणजे इन्फ्लेशन घडवणारं फील्ड. आता त्यांची ओढ जोरात असेल तर दोघं पटकन आदळणार, विश्वाला फुगायला वेळच नाही, म्हणून अँटिब्रेनला वार्प्ड (वाकवून ताणलेल्या) जागेच्या खोल तळाशी बसवायचं, तिथे ओढ मंदावते आणि पोटेन्शियल, म्हणजे इन्फ्लेटॉन ज्या उतारावरून घरंगळतो तो, मस्त सपाट होतं. झालं की काम, असं वाटेपर्यंत पेपरच्या सुरुवातीच्या सारांशात, म्हणजे त्याच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये हेच लोक सांगतात की लपलेल्या मितींचं आकारमान पक्कं करायला जी तजवीज केलीये तीच साधारणपणे हे सपाट पोटेन्शियल बिघडवते आणि इन्फ्लेशन होतच नाही. आपल्याच मॉडेलची खोट स्वतः पहिल्या पानावर! मला तर हा पेपर याचसाठी आवडतो.

एवढं जड नको असेल तर मार्टेन्स, वँड्स, बॅसेट आणि हर्ड यांचा डिसेंबर 1999 चा पेपर बघा. एकच जादा मिती, आपलं विश्व एका ब्रेनवर, आणि तिथल्या प्रसरणाच्या समीकरणात घनतेच्या वर्गाची एक टर्म वाढते, त्यामुळे खूप जास्त एनर्जीला घर्षण वाढतं आणि उभ्या उताराच्या पोटेन्शियलवरूनसुद्धा इन्फ्लेटॉन हळू घरंगळतो. एम.एस्सी. झालेल्याला जमेल.

आता तक्रार. इथे पीअर रिव्ह्यू (इतर तज्ज्ञांकडून तपासणी) नाही, फक्त मॉडरेशन (वरवरची छाननी), ते ठीक आहे, सगळ्यांना माहीत असतं. पण मेलेल्या मॉडेलवर शिक्का कोणी मारत नाही. 17 मार्च 2014 ला बायसेप2 वाल्यांनी (दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीची टीम) r, म्हणजे इन्फ्लेशनमधल्या गुरुत्वीय लहरी किती जोरदार ते सांगणारा आकडा, साधारण 0.2 आला म्हणून जाहीर केलं आणि पेपरांचा नुसता पाऊस पडला, जो तो आपलं मॉडेल 0.2 ला बसवतोय, यात एक्स्ट्रा डायमेन्शनवालेही होतेच. पुढे प्लँक उपग्रहाच्या डेटाबरोबर जुळवल्यावर कळलं की सिग्नल मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा होता, आणि 2021 मध्ये बायसेप-केक टीमने r ची वरची मर्यादा 0.036 वर आणली. ते पेपर मात्र जिथल्या तिथे, त्याच रुबाबात. नवखा माणूस शोधत शोधत तिथे पोचला तर त्याला कोण सांगणार? म्हणून अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या पानावर इन्स्पायरची (या विषयातल्या पेपरांची आणि उल्लेखांची नोंद ठेवणारी साइट) लिंक असते ती दाबायचीच, नंतर कोणी कोणी हा पेपर उल्लेखलाय आणि काय म्हणून, हे तिथे कळतं.

मोबाइलवर अलीकडचे बरेच पेपर एचटीएमएलमध्ये उघडतात, बरंय. बहुतेक जुने पीडीएफमध्ये दोन बोटांनी ताणत वाचा.

पाचपैकी साडेचार. आणि हो, त्या सहा जणांच्या पेपरसाठी नावं टाइप करत बसू नका, hep-th/0308055 टाका, पण त्याआधी hep-th/0301240 वाचा, आकारमान पक्कं करायची तजवीज त्यात आहे, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.