मोक्पोला गेलात तर हे म्युझियम चुकवू नका

दक्षिण कोरियात मोक्पोच्या सागरी संग्रहालयात सिनान बेटांजवळच्या समुद्रात सापडलेल्या जहाजाचा सांगाडा ठेवलाय, 1323 ला चीनच्या निंगबोहून जपानच्या हाकाताला निघालं आणि वाटेत बुडालं, 1975 ला मच्छिमाराच्या जाळ्यात भांडी आली तेव्हा कुठे पत्ता लागला. त्या काळपट फळ्यांसमोर मी कितीतरी वेळ उभी होते! मालात 20 हजारांवर चिनी मातीची भांडी, तब्बल 28 टन नाणी. पण मला सगळ्यात भारी वाटल्या त्या मालाच्या लाकडी चिठ्ठ्या, वीतभरही नाहीत, कुणाचा माल ते शाईने लिहिलेलं, आणि बऱ्याच चिठ्ठ्यांवर क्योतोच्या तोफुकुजी या झेन मठाचं नाव. मठ 1319 ला जळालेला, बांधायला पैसा हवा, म्हणून व्यापाऱ्यांच्या जहाजात मठाचाही माल, असं अभ्यासक मानतात. दोन तास तरी हातात ठेवूनच जा.