मांडवाबाहेरचे संमेलन

पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या सीमेवर, घाटावरच्या एका लहान गावात दरवर्षी भरणाऱ्या आदिवासी साहित्य संमेलनाला मी यंदा सलग तिसऱ्यांदा गेले आणि तीनही दिवस राहिले. या संमेलनात जे मनापासून ऐकण्यासारखे आहे, त्यातले बहुतेक मुख्य मांडवाच्या बाहेर घडते आणि तेही रात्री नऊनंतर. पुढच्या वर्षी जाण्याचा विचार असणाऱ्यांनी कार्यक्रमपत्रिका त्या हिशेबाने वाचावी, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

दुसऱ्या रात्री आश्रमशाळेच्या पटांगणात झालेली थाळीवरची कथा हा माझ्या मते या संमेलनाचा प्राण आहे. कथा सांगणारे बाबा कोकणा या आदिवासी समाजातले, सत्तरी ओलांडलेले. काशाच्या थाळीच्या मधोमध मेण दाबून त्यात एक बारीक, गुळगुळीत काडी सरळ उभी केलेली असते. ती चिमटीत धरून बोटे वरून खाली ओढली की थाळी घुमू लागते आणि तो घुमारा संपण्याआधीच दुसरा हात वर गेलेला असतो, त्यामुळे सूर तुटत नाही. त्या रात्री थंडी इतकी होती की मेण कडक होऊन काडी सारखी कलंडत होती. बाबांनी गाणे न थांबवता थाळी शेकोटीजवळ सरकवली, अंगठ्याने मेण पुन्हा दाबले आणि तेवढ्या वेळात साथीदाराने शेवटची ओळ तीनदा घोळवून कथा धरून ठेवली.

कथा कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची होती. मध्येच बाबांकडून एका गावाचे नाव मागे-पुढे झाले, तेव्हा माझ्या शेजारी घोंगडी पांघरून बसलेल्या आजींनी बसल्या जागेवरून मोठ्याने बरोबर नाव सांगितले. बाबांनी मान डोलावली, दोन ओळी मागे गेले आणि तो भाग पुन्हा म्हटला. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. मौखिक साहित्य पिढ्यानपिढ्या कसे टिकले, यावर मी आजवर बरीच व्याख्याने ऐकली आहेत. परंतु ऐकणाऱ्यांनाही कथा पाठ असते आणि तिची राखण तेही करतात, हे त्या एका क्षणात जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी कधी दिसले नव्हते.

दिवसाच्या कार्यक्रमाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सकाळचा बराचसा वेळ सत्कार, शाली आणि प्रास्ताविकांत जातो, आणि ज्यांच्यासाठी संमेलन भरते त्या कथाकारांच्या वाट्याला प्रत्येकी पंधरा मिनिटे येतात. रात्रभर चालणाऱ्या कथेचा पंधरा मिनिटांचा तुकडा ऐकवला की ऐकणाऱ्याला चाल तेवढी कळते, कथा कळत नाही. उद्घाटनाच्या वेळी तारपा नाच ठेवला होता. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून बनणाऱ्या या वाद्याभोवती फेर धरला जातो, वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. मंचावर जागा अपुरी आणि समोर कॅमेरे, त्यामुळे संयोजकांनी सगळ्यांना प्रेक्षकांकडे तोंड करून एका रांगेत उभे राहायला सांगितले आणि तारपा वाजवणारा आपसूक मागे ढकलला गेला. पावले तीच होती, पण फेर मोडला होता. नाचणाऱ्या मुली पुनःपुन्हा मान वळवून मागे पाहत होत्या, हे पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांपैकी किती जणांच्या लक्षात आले असेल, याची मला शंका आहे.

भिली कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता इथे जमलेल्या बहुतेकांना ठाऊक असते. आपले दुःख दुसऱ्याने मंचावरून सांगावे आणि ते आपण खाली बसून ऐकावे, ही त्या कवितेतली वेदना आहे. १९७९ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले, ते आपल्या लोकांनी आपले म्हणणे आपल्या तोंडून मांडावे यासाठीच. म्हणून मंचाचा प्रश्न मला केवळ व्यवस्थेचा वाटत नाही.

उद्घाटनाच्याच दिवशी दुपारी दोन धवलेरींना गाण्यासाठी बोलावले होते. वारली लग्न लावण्याचा मान या स्त्रियांचा असतो. चौक, म्हणजे लग्नाचे भिंतीवरचे विधिचित्र, लिहिला जात असताना आणि लग्नाच्या विधींत त्यांचीच गाणी चालतात. त्यांनी चार-सहा ओळी म्हटल्या आणि थांबल्या. सूत्रसंचालकांनी पुढचेही म्हणण्याचा आग्रह धरला, तेव्हा थोरल्या बाईंनी शांतपणे सांगितले की इथे नवरी नाही, चौक नाही, मग पुढचे कोणासाठी म्हणायचे? मांडवात क्षणभर कोणी बोलले नाही. त्यांचा नकार तिथेच मान्य करून त्यांना त्याविषयीच बोलते करायला हवे होते. त्याऐवजी पुढचा कार्यक्रम पुकारण्यात आला.

दिवसाच्या सत्रांतले एक सत्र मात्र आवर्जून ऐकावे असे होते, ते भाषांवरचे. महाराष्ट्रातल्या आदिवासी भाषा म्हणजे मराठीच्या बोली, असा सरसकट समज असतो. वक्त्यांनी तो नेमकेपणाने दूर केला. भिली आणि वारली आर्यभाषा कुळातल्या असल्या तरी गोंडी आणि कोलामी द्राविड कुळातल्या आहेत आणि मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली आहे. २००३ सालच्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने संथाळी आणि बोडो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, गेल्या. २०११ च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक लोकांच्या मातृभाषा जिच्या गटात मोजल्या गेल्या त्या भिलीला आणि सुमारे तीस लाखांच्या गोंडीला तिथे अजून जागा नाही. लिपीवरची चर्चा सर्वांत रंगली. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे ओळखली गेलेली गुंजाळा गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्रमाणित अक्षरसंचात, आली आहे; मग आता मुलांना ती शिकवावी की देवनागरीतच लिहावे, यावर दोन तरुण शिक्षक अटीतटीने बोलत होते. सत्राची वेळ संपली म्हणून त्यांना थांबवले गेले. सत्कारांतला अर्धा तास इकडे वळवता आला असता.

पुस्तकांची दालने मोजकी पण चांगली होती. मुलांसाठीची द्विभाषिक चित्रपुस्तके दुपारपर्यंत संपली. विक्रीला लावलेल्या वारली चित्रांखाली किंमत होती, चित्रकाराचे नाव मात्र बहुतेक ठिकाणी नव्हते. विचारल्यावर एका दालनातल्या मुलाने लगेच पेन काढून आपल्या आत्याचे नाव लिहिले. राहण्याची सोय वर्गखोल्यांत सतरंज्यांवर आहे, पाण्याची व्यवस्था गेल्या वर्षीपेक्षा सुधारली आहे, आणि नागलीची भाकरी व उडदाची आमटी दोन्ही वेळा गरम मिळते.

आणखी एक गोष्ट संयोजकांच्या कानावर घातली आहे. रात्रीच्या कथेचे मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांपैकी कोणीही बाबांची परवानगी घेतली नाही. कथा सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय चित्रण करू नये आणि चित्रणाबरोबर त्याचे नाव व गाव द्यावे, एवढी सूचना सुरुवातीलाच करणे अवघड नाही. त्यांनी ते ऐकून घेतले. पुढच्या वर्षी तारपा पटांगणात, जमिनीवर ठेवण्याचेही त्यांनी मान्य केले आहे.

शहरातून येणारे बहुतेक जण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या शेवटच्या एस.टी.ने परततात आणि थाळी त्यानंतर तीन तासांनी घुमू लागते. मुक्कामाच्या तयारीनेच जावे, जाड पांघरूण बरोबर घ्यावे आणि शक्य झाल्यास गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जवळ बसावे. कथा कुठे वळली, हे त्या हळूच सांगत राहतात.