रंबल ५०० आणि माझी पेडलची पिशवी: तीन सीझन सुपाऱ्या वाजवल्यावर

रंबल ५०० हा फेंडरचा बेस गिटारचा अँप, आणि पेडल म्हणजे आवाज बदलायच्या, पायाने दाबायच्या डब्या. आधीच सांगतो, हा रिव्ह्यू सुपाऱ्या (पैसे घेऊन केलेले शो) वाजवणाऱ्यांसाठी आहे, घरी हेडफोन लावून वाजवायचं असेल तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही. मी पुण्याचा, दिवसा बँकेत, आणि गणपतीपासून मे महिन्यातल्या लग्नांपर्यंत जमेल तेवढ्या रात्री ऑर्केस्ट्रात पाच तारी बेस गिटार. म्हणजे एका रात्री बालगंधर्वला जुनी हिंदी गाणी, दुसऱ्या दिवशी चाकणला कुठल्या तरी कंपनीचं स्नेहसंमेलन आणि तिसऱ्या दिवशी सासवडकडे मंडळाच्या मांडवात कोळीगीतांची मेडली, तीही अशा स्टेजवर की ज्यावर पाय आपटला तर कीबोर्डचा स्टँड हलतो.

याआधी माझ्याकडे एक सेकंडहँड कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) होता, १५ इंची स्पीकरवाला, कंपनीचं नाव नाही घेत. आवाज वाईट नव्हता पण वजन तीस किलोच्या वर, आणि एकदा पेठेतल्या एका हॉलला तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद असताना मी आणि आमचा ढोलकीवाला तो दोन्ही बाजूंनी धरून चढवत होतो तेव्हा दुसऱ्या वळणावर माझ्या कमरेतून जो आवाज आला तो त्या अँपमधून कधी आला नव्हता. आठ दिवस रजा. नंतर त्याच्या स्पीकरचा कोनही फाटला, आणि मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

मग घेतला फेंडरचा रंबल ५००, व्ही-३ वाला. दोन १० इंची स्पीकर, वर एक हॉर्न, वजन साडेसोळा किलो. एका हातात अँप, खांद्यावर बेस, दुसऱ्या हातात पेडलची पिशवी, टेम्पोची वाट न बघता रिक्षाने निघता येतं. हे हलकेपण येतं ते क्लास-डी पॉवर अँप आणि त्याच्या जोडीच्या स्विचिंग पॉवर सप्लायमुळे, त्यात जुन्या अँपसारखा लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा ठोकळा नसतो. ज्यांना अजूनही वाटतं की जड म्हणजे चांगला त्यांनी खुशाल अँपेगचा १९६९ सालचा एसव्हीटी अँप आणि त्याखालचा आठ १० इंची स्पीकरवाला कॅब, म्हणजे स्पीकरचं वेगळं खोकं, घ्यावा, आवाज स्वर्गीय आहे, फक्त एकटा कॅब साठ किलोच्या वर भरतो आणि तो उचलायला माणसं लागतात. भाड्याने आलेला मिळाला तर मी नमस्कार करून वाजवतो, विकत घेणार नाही.

आता वॉटचं. नावात ५०० आहे म्हणून भुलू नका, आतल्या स्पीकरवर हा ३५० वॉट देतो, बाहेरून अजून एक ८ ओमचा कॅब जोडला की एकूण ४ ओम होतात आणि तेव्हा पूर्ण ५०० मिळतात. पण ३५० आणि ५०० यात कानाला फार फरक कळत नाही हो. वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, म्हणजे शेजारी उभा असलेला म्हणेल "हां, थोडा वाढला वाटतं." बाहेरचा कॅब जोडल्यावर जो खरा फरक पडतो तो जास्त स्पीकर हवा ढकलतात म्हणून. त्यामुळे दुकानात दोन अँपचे वॉट ताडून बघण्यापेक्षा खाली किती आणि केवढे स्पीकर आहेत ते बघा. आणि १५ इंची म्हणजे जास्त खर्ज हा पण एक पसरलेला समज आहे, खोक्याचा आकार, ते बंद आहे की भोकाचं आहे, स्पीकर कसा बनवलाय, सगळ्यावर ते ठरतं. वरच्या त्या एसव्हीटीच्या कॅबमध्ये सगळे १० इंचीच आहेत आणि छाती हादरवतो.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. आपल्याकडच्या शोमध्ये बेस अँप हा पब्लिकसाठी नसतोच. पब्लिकला तुमचा बेस पीएमधून, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून जातो, आणि तिथे तो पोचतो डीआय लाईनमधून, म्हणजे बेसचा सिग्नल थेट मिक्सरला नेणाऱ्या केबलमधून. अँप तुमच्यासाठी आणि फार तर ड्रमर-ढोलकीवाल्यासाठी. हे एकदा डोक्यात बसलं की खरेदीची सगळी गणितं बदलतात, मग तुम्ही विचारता की मला माझा स्वर ऐकू येतोय का, आणि साऊंडवाल्याला स्वच्छ लाईन जातेय का. बाकी सगळी हौस.

ऐकू येण्याचं बोलायचं तर पहिली चूक सगळेच करतात, अँप जमिनीवर ठेवतात. फळ्यांची पोकळ स्टेज असते, तिच्यावर अँप ठेवला की स्टेजच ढोल होते, नुसता घूं घूं, आणि स्वर कळायला ज्या मधल्या फ्रिक्वेन्सी लागतात त्या सरळ रेषेत जाऊन तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतात. पोटऱ्यांना कान नसतात. मग आपल्याला वाटतं आवाज कमी आहे म्हणून आपण बेसचा नॉब वाढवतो आणि अजून घूं. मी अँप नेहमी उचलून ठेवतो, कीबोर्डवाल्याच्या फ्लाईट केसवर, नाहीतर मंडळाची प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीला फायदा असा की पाठीला टेकवला की अँप आपोआप थोडा तिरका होतो आणि तोंड वर कानाकडे येतं. फक्त मागचे दोन पाय फळीच्या फटीत नाहीत ना ते बघा. एकदा नारायणगावला दुसऱ्या गाण्यात माझा अँप हळूहळू मागे झुकायला लागला आणि मी एका हाताने बेस, एका पायाने खुर्ची असं अख्खं कडवं काढलं, गायकाला वाटलं मी नाचतोय.

रंबलवर बेस, लो-मिड, हाय-मिड, ट्रेबल असे चार नॉब आहेत आणि ब्राइट, कॉन्टूर, व्हिंटेज अशी तीन बटणं. कॉन्टूर दाबलं की मधला भाग खाली जातो, वर-खाली फुगतं. दुकानात एकट्याने स्लॅप (अंगठा तारेवर आपटून वाजवणं) मारून बघितलं की इतकं गोड वाटतं की लगेच कार्ड काढावंसं वाटतं. बँडमध्ये तेच बटण दाबा, बेस गायब. कारण खाली ढोलकीची धुम आणि ऑक्टापॅडचा किक आधीच बसलेत, वर झांजा आणि कीबोर्ड, तुमच्यासाठी उरलेली जागा मधलीच, तीच तुम्ही काढून टाकली. मी कॉन्टूर बंद, बेसचा नॉब मध्यापेक्षा जरा मागे, लो-मिड पुढे. घरी ऐकलं तर नाक चोंदल्यासारखं वाटतं, स्टेजवर एकेक स्वर मोजता येतो. पंचमच्या गाण्यांमध्ये टोनी वाझ यांचा बेस छोट्या रेडिओवरही का ऐकू यायचा याचा विचार करा, त्या डबड्यात खर्ज होताच कुठे. व्हिंटेज बटण जुन्या गाण्यांना बरं लागतं. अँपमध्ये ओव्हरड्राइव्हही (आवाज थोडा फाटका करणारा) दिलाय, मी फारसा वापरत नाही. हॉर्न मी बंदच ठेवतो, बोटांचा कर्रकर्र ऐकायची मला हौस नाही.

आता डीआयचं. मागे एक्सएलआर आउट (माईकच्या केबलचं तोंड) आहे आणि ग्राउंड लिफ्टचं बटण, हम (विजेची घरघर) आला की दाबायचं. (हम जावा म्हणून पॉवर प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग मी पाहिलेत, कृपा करून नका करू, जीव जाईल. जनरेटरवर शो असेल तर माझ्या पिशवीत टेस्टर असतो, गाण्याच्या आधी माईकच्या जाळीला लावून बघतो, एकदा कोरस द्यायला ओठ टेकवले आणि पांढरं दिसलं होतं.) तरीही मी साऊंडवाल्याला लाईन अँपमधून देत नाही, पेडलच्या शेवटी असलेल्या डीआय पेडलमधून देतो. म्हणजे मी मधेच अँपचे नॉब फिरवले तरी बाहेरचा आवाज हलत नाही, आणि अँपला काही झालं तरी शो चालू राहतो. ज्या अँपवर डीआयला प्री-पोस्ट स्विच असतो त्यांनी तो प्रीवर, म्हणजे नॉबच्या आधीच्या सिग्नलवर, ठेवला तरी बाहेरचा आवाज तसाच हलत नाही. यासाठी माझ्याकडे टेक २१ चा सॅन्सअँप बेस ड्रायव्हर आहे, १९९० च्या दशकापासून लोक वापरतायत आणि उगाच नाही. ब्लेंडचा (कोरा आवाज किती मिसळायचा त्याचा) नॉब अर्ध्यावर, ड्राइव्ह अगदी थोडा, की पीएमध्ये नुसतं सपाट वाजणाऱ्या बेसला अँपचा रंग येतो. बॅटरी विसरलात तरी मिक्सरच्या फँटमवर (माईकच्या केबलमधून मिक्सर देतो त्या विजेवर) चालतो, हे एकट्याने पैसे वसूल. बजेट नसेल तर बेहरिंगरचा बीडीआय २१ त्याच धर्तीवर आहे, खोकं प्लास्टिकचं, पाय जपून ठेवायचा.

आणि लाईन दिल्यावर एक गोष्ट साऊंडवाल्याला नक्की विचारा. मिक्सरवर प्रत्येक चॅनलला लो-कटचं बटण असतं, ८०-१०० हर्ट्झच्या खालचं कापतं, माईकसाठी चांगलं. पण त्यांचं आदल्या रात्रीचं सगळं दाबलेलंच असतं. बेसची ई तार ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, पाच तारीची बी तर ३१. म्हणजे ते बटण दाबलेलं असेल तर तुमच्या बहुतेक तारांचा पायाच उडाला. आमचा संवाद ठरलेला आहे:
"दादा, बेसवरचं लो-कट काढा ना."
"ऐकू येतंय की तुमचं."
"येतंय, पण काढा ना."
मग तो काढतो, दोन सेकंद थांबतो आणि स्वतःच फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घेतो. साऊंडचेक म्हणाल तर बहुतेक ठिकाणी तो सत्कार आणि दीपप्रज्वलन यांच्या मधे असतो, आणि दहाला स्पीकर बंद करायचे असल्यामुळे कापाकापी सुरू होते ती नेमकी तिथून.

बाकीची पेडलं. पहिलं ट्यूनर, बॉसचा टीयू-३, त्याचं खरं काम ट्यूनिंग नसून म्यूट आहे, निवेदक बोलत असताना पाय दाबला की शांत. दुसरा कॉम्प्रेसर (जोरात-हळू आवाज एका पातळीवर आणणारा), आणि इथे मी भांडायला तयार आहे: ऑर्केस्ट्रात बेसवाल्याने फझ (आवाज पूर्ण फाडणारं पेडल) घ्यायच्या आधी कॉम्प्रेसर घ्यावा. एका गाण्यात बोटं, पुढच्यात स्लॅप, मग पिक, प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि साऊंडवाला काही तुमच्यासाठी फेडरवर बसलेला नसतो. मी बॉसचा एलएमबी-३ लावतो, जरा लाजरा लावायचा, दाबलंय हे कळलं नाही पाहिजे. तिसरा ऑक्टेव्ह (खालच्या सप्तकाचा स्वर जोडणारा), बॉसचाच ओसी-५. नवीन गाण्यांत सगळा सिंथ बेस असतो, तो याने बराच निभावतो, पण पाचव्या फ्रेटच्या वर वाजवा, खालच्या तारांवर खालचा ऑक्टेव्ह मागितला की गुळण्या केल्यासारखा आवाज येतो.

ओव्हरड्राइव्ह घ्यायचाच असेल तर गिटारवाल्याकडून उसना आणू नका. गिटारवाल्यांच्या लाडक्या ट्यूब स्क्रीमर पेडलच्या जातीच्या सर्किटमध्ये खालचा भाग डिस्टॉर्शनच्या आधीच कापला जातो, गिटारला तो गुण, आपल्याला वजाबाकी. ज्यात कोरा आवाज मिसळता येतो असं बघा, बॉसच्या ओडीबी-३ ला बॅलन्सचा नॉब आहे, बेस बिग मफला ड्राय स्विच आहे. वर्षातून चार शो रॉकचे असतील तर सॅन्सअँपचाच ड्राइव्ह वाढवून भागतं.

इतकं सगळं जमवायचं नसेल, नुकतीच सुरुवात असेल, तर झूमचा बी१ फोर घ्या बिनधास्त, ट्यूनर, कॉम्प्रेसर, ऑक्टेव्ह सगळं एकात, चार पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे हम नाही. त्याला एक्सएलआर आउट नाही, साऊंडवाल्याचा डीआय बॉक्स लागेल, ते धरून चला.

पॉवरचं मात्र कंजूषपण नको. ही पेडलं बहुतेक ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह. मी एकदा अडॅप्टर घरी विसरलो आणि कीबोर्डवाल्याचा जादाचा लावला, पिन अगदी फिट्ट बसली. तो १२ व्होल्टचा आणि उलट्या पिनचा होता. आधी दिवा लागला नाही, मग अगरबत्तीच्या शेवटासारखा वास आला. ढोलकीवाला म्हणाला, "काका, काहीतरी लागलंय." पेडल गेलं, चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून माझ्या अडॅप्टरवर लाल चिकटपट्टी. केबलचंही एक, अँपमधून बाहेरच्या कॅबला जोडायला गिटारची केबल लावू नका, दिसायला पिन तीच असली तरी आतली तार केसाएवढी असते, गरम होते. स्पीकॉनची स्पीकर केबल घ्या, फिरवून लॉक होते, कोणी पाय अडकवला तरी निघत नाही.

मग रंबल ५०० घ्यावा का? महिन्याला चार-पाच शो, उघड्यावरचे पण, आणि कमरेची काळजी, तर हो. फक्त छोटे हॉल आणि पब असतील तर त्याचा धाकटा भाऊ रंबल १०० पुरे, १२ इंची एकच स्पीकर, दहा किलो. सगळ्यांच्या कानात इन-इअर (स्टेजवरचा आवाज ऐकायचे इअरफोन) असतील तर अँप घरीच ठेवा, डीआय पेडल आणि हेडफोनवर शो होतो, मी केलेत, फक्त पँट हलत नाही त्यामुळे मला मजा येत नाही. घ्यायला जाल तेव्हा स्वतःचा बेस न्या आणि दुकानदाराला मोबाईलवरून ढोलकीचा लूप लावायला सांगा, त्याच्यावर वाजवून बघा.

माझ्या अँपला कव्हर नाही अजून, आणि वरचा सपाट भाग आमच्या ग्रुपमध्ये चहाचं टेबल म्हणून मान्यता पावलाय. रेक्झिनवाल्याकडे माप देऊन आलोय. तो म्हणतो गणपतीनंतर.