क्वार्टरबॅकच्या हाताला कुठला चेंडू? ड्यूक, कॉम्पोझिट आणि रबर

पुण्यातल्या खेळाच्या दुकानात अमेरिकन फुटबॉलचा चेंडू मागितला की बरेचदा रग्बीचा पुढे येतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, पण क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूला, रग्बीचा काहीच कामाचा नाही. त्याचा आडवा घेर ५८ ते ६२ सेंटिमीटर, अमेरिकन फुटबॉलचा जेमतेम ५४. शिवाय रग्बीच्या चेंडूची टोकं बोथट आणि वर लेस, म्हणजे शिवणीवरची उठावदार दोरी, नाही. अनामिका आणि करंगळी लेसवर, तर्जनी टोकाकडे, तळवा चेंडूपासून किंचित सुटा, अशी पकड त्यावर बसतच नाही. म्हणून पैसे देण्याआधी लेस बघा, बोटाने दाबून बघा. नुसती रंगवलेली किंवा साच्यात उठवलेली सपाट लेस असेल तर परत ठेवा.

विल्सन कंपनीचा ‘ड्यूक’ हा एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, अधिकृत चेंडू. ओहायोतल्या एडा गावच्या कारखान्यात तो शिवला जातो, कातडं शिकागोच्या हॉरवीन टॅनरीचं. वजन १४ ते १५ औंस, म्हणजे ३९७ ते ४२५ ग्रॅम. शिवण आणि आकार याबद्दल तक्रारीला जागा नाही. पण खोक्यातून काढला की तो निसरडा लागतो, आणि एवढे पैसे मोजणारा तिथेच वैतागतो. खुद्द एनएफएलमधले क्वार्टरबॅकही असा कोरा चेंडू सामन्यात घेत नाहीत. टॉम ब्रेडी आणि पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकनी पाठपुरावा केल्यावर २००६ पासून प्रत्येक संघ आपल्या आक्रमणासाठी स्वतःच तयार केलेले चेंडू आणतो. घरी करायचं ते असं: किंचित ओलसर फडक्याने वरची चकाकी पुसा, कडक केसांच्या ब्रशने घासा, लेदर कंडिशनरचा अगदी पातळ हात द्या, रात्रभर ठेवा, पुन्हा ब्रश मारा. तीन-चार फेऱ्यांत रंग गडद होतो आणि कातडं बोटांना धरायला लागतं. कंडिशनर जास्त झालं तर चेंडू तेलकट होतो, मग धूळ बसते आणि सगळी मेहनत पाण्यात.

हवेच्या बाबतीत सगळ्यात जास्त गफलत होते. नियमात १२.५ ते १३.५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब). ब्रेडीला खालची मर्यादा आवडायची, दुसरा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स, त्याला चेंडू टणक लागतो. जानेवारी २०१५ च्या सामन्यातल्या कमी हवेच्या चेंडूंवरून ब्रेडीला २०१६ मध्ये चार सामने बाहेर बसावं लागलं. पुण्यात हाच घोळ हवामान करतं. डिसेंबरात दुपारी ३० अंशांना १२.५ भरलेला चेंडू सकाळी १२ अंशांना ११ च्या आसपास येतो, वॉल्व्ह गळत नसतानाही. तेव्हा हवा मैदानावरच तपासा, आणि पंप गेजवालाच घ्या. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको. एवढ्याशा चेंडूत दाब क्षणात चढतो आणि शिवण ताणते. सुई आत घालण्याआधी ग्लिसरीनचा थेंब लावा, कोरडी सुई वॉल्व्हचं रबर फाडते.

माप निवडताना हौसेपेक्षा हात बघा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा ताणून मोजा. ब्रेडीचा पंजा ९.३८ इंच, एनएफएलमधल्याच क्वार्टरबॅक जो बरोचा ९. तुमचा आठच्या आत असेल तर मोठ्या मापाचा चेंडू सुटताना डगमगतो, आणि तो दाबून धरण्याच्या नादात मनगट आखडतं. १२ ते १४ वर्षांच्या मुलांना यूथ, ९ ते १२ च्या मुलांना ज्युनिअर माप. वडिलांना आवडला म्हणून मुलाच्या हातात ड्यूक देऊ नये.

बहुतेकांनी घ्यावा तो कॉम्पोझिट, म्हणजे कृत्रिम कातड्याचा. पहिल्या दिवसापासून पकड देतो, आणि ड्यूकच्या मानाने बराच स्वस्त पडतो. मात्र मुरुमाच्या मैदानावर त्याच्या पृष्ठभागावरचे उठावदार दाणे आधी टोकाजवळ झिजतात आणि एकदा गुळगुळीत झाला की ब्रशने सुधारत नाही. ड्यूक मुरुमावर न्यायचाच नाही, गवत किंवा टर्फ (कृत्रिम गवत) च हवं. पावसात भिजलं तर कातडं पाणी पिऊन जड होतं. ते सावलीत, पंख्याखाली वाळवा, उन्हात कडक पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये बंद कपाटात ठेवलात तर बुरशी ठरलेली.

रबरी चेंडू उसळतो जास्त आणि हाताला कोरडा लागतो, पण जून ते सप्टेंबर तोच वापरा.